भाडं, बस आणि डबा: पुण्यातलं माझं पहिलं वर्ष

ऑगस्ट २०२३. पहाटे साडेचारला एसटीतून उतरले तेव्हा मला वाटलं, कंडक्टरनं चुकीच्या ठिकाणी उतरवलं. मामानं सांगितलं होतं, ‘शिवाजीनगरला उतर, तिथून विद्यापीठ जवळ.’ बाहेर बघते तर पाटीवर शिवाजीनगर बसस्थानक, पण जागा वाकडेवाडी. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीला शिवाजीनगरचं स्टँड इकडं हलवलं, हे आमच्या बीडकडच्या केजला कुणाला माहीत असणार? मामाचं पुणे त्याच्या आधीचं होतं.

माझ्याजवळ एक सुटकेस, गादीची वळकटी आणि एक पिशवी होती. पिशवीत दहा किलो ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि मायनं करून दिलेला येसराचा, म्हणजे आमटीत घालायच्या भाजक्या पीठ-मसाल्याचा डबा. त्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून दादांनी, म्हणजे वडिलांनी, दिलेल्या भाड्याच्या पैशातले निम्मे वाचले होते. ते रिक्षात घालवायचे नाहीत, एवढं मी ठरवलं होतं. रिक्षाचा दर तेव्हा पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढं किलोमीटरला १७. रात्री बारा ते पाच पावपट जास्त. मी उजाडेपर्यंत स्टँडवरच बसले. चहा घेतला, सुटकेसवर पाय ठेवले आणि पहिली शहरबस सुरू व्हायची वाट बघितली. पुढच्या वर्षभरात प्रत्येक वेळी गावाहून येताना हेच केलं. स्टँडवर बायका-पोरींची वर्दळ असते, दिवे असतात. अंधारात एकटीनं रिक्षा शोधण्यापेक्षा ते बरं.

मी एम.ए. भूगोलाला आले होते. विद्यापीठाचं आवार गणेशखिंडीत, ४११ एकरांचं. मुख्य इमारत इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला होती, विद्यापीठ १९४९ चं. हे सगळं वाचून आले होते. ४११ एकर म्हणजे गेटवर बस सोडल्यावर विभागापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालणं, हे मात्र पहिल्या दिवशी पिशवी खांद्यावर असताना कळलं.

वसतिगृहाच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. जागा मोजक्या, अर्ज पुष्कळ, आणि माझे टक्के यादीच्या थोडे खालचे. दुसऱ्या यादीची वाट बघत मी ओळखीच्या एका ताईच्या खोलीत राहिले. ताई अंबाजोगाईची, माझ्याच कॉलेजातून दोन वर्षं आधी आलेली. यादीत नाव नसताना दुसऱ्याच्या खोलीत राहणाऱ्याला इथली मुलं ‘पॅरासाइट’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो शब्द मला लागला. आपण कुणाचं रक्त पितोय असं वाटलं. ताई म्हणाली, ‘अगं, इथं निम्मे जण कधी ना कधी पॅरासाइट होते. मीपण होते.’ तरी ते नियमात बसत नाही, आणि मला रात्री दारावर टकटक झाली की छातीत धडधडायचं. अकरा दिवस दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर वळकटी टाकून झोपले. दुसऱ्या यादीतही नाव आलं नाही, आणि मी खोली शोधायला बाहेर पडले.

पुण्यात विद्यार्थी खोली शोधतो म्हणजे बहुतेक वेळा खाट शोधतो. विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांवर, अभ्यासिकांच्या जिन्यात कागद चिकटवलेले असतात: ‘कॉट बेसिसवर रूम, फक्त मुलींसाठी’. खाली फोन नंबराच्या कापलेल्या पट्ट्या, निम्म्या फाडून नेलेल्या. पेठांमध्ये हे जग स्पर्धा परीक्षावाल्यांनी उभं केलं आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत वाड्यांच्या माड्या, पोटमाळे, नव्या इमारतींचे फ्लॅट, सगळीकडे खाटा. मी जिथं गेले तिथं एका खोलीत पाच. महिना ३,२०० रुपये, डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे ६,४००. लिहून काही नाही. ‘पोरींनो, इथं सगळं विश्वासावर चालतं,’ असं मालक म्हणाले, आणि मला ते चांगलंच वाटलं. आमच्याकडे शेत बटाईनं देतात तेसुद्धा शब्दावर.

खोलीतल्या बाकी चौघी एमपीएससीच्या. त्या पहाटे सहाला अभ्यासिकेत जायच्या आणि रात्री गेट बंद व्हायच्या आधी दहा मिनिटं परतायच्या. त्यांच्यासाठी पेठ हीच योग्य जागा होती, कारण अभ्यासिका, मेस, पुस्तकांची दुकानं सगळं चालत पाच मिनिटांवर. माझं विद्यापीठ मात्र पाच-सहा किलोमीटर दूर. मी रोज चालत मनपाच्या, म्हणजे महापालिकेजवळच्या बसथांब्यावर जायची, तिथून गणेशखिंड रस्त्यानं जाणारी बस धरायची. सकाळी लवकर निघालं तर पंचवीस मिनिटांत विद्यापीठ. संध्याकाळी परत येताना तासही लागायचा. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्येच पाडला होता, दुमजली पूल आणि हिंजवडीची मेट्रो यांची कामं चालू होती, रस्त्याला दोन्ही बाजूंनी पत्रे. बस चौकात शिरली की ड्रायव्हर इंजिन बंद करायचा. खिडकीतून मी मेट्रोचे खांब वाढताना बघितले, अगदी आठवड्याला एक थर असे.

पास काढला हे एक शहाणपणाचं काम त्या काळात केलं. विद्यार्थ्यांचा महिन्याचा पास ७५० रुपयांचा. विभागातून बोनाफाइड घ्यायचं आणि पास केंद्रावर जायचं. रोज सुटं तिकीट काढणाऱ्या मैत्रिणी दोन बस बदलल्या की महिन्याला हजाराच्या पुढं जायच्या. पास असला की आणखी एक फरक पडतो. चुकीच्या बसमध्ये बसलं तरी जीव कळवळत नाही. त्या पासावर मी पहिल्या दोन महिन्यांत रविवारी कुठल्याही बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. कात्रज, भोसरी, वारजे, निगडी मी असंच पाहिलं. भूगोलाच्या विद्यार्थिनीला शहर कळायला यापेक्षा स्वस्त वर्ग नाही.

जेवण मेसचं. दोन वेळचे महिन्याला ३,००० रुपये, रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री बंद. खाड्याचा हिशेब असा की सलग तीन दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं तरच पैसे कापून मिळणार. मी चौकात अडकून साडेनऊला पोचायची तेव्हा भाजी संपलेली असायची, आमटी आणि भात उरलेला. तो खाडा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. पोळी पातळ, पांढरी, चार खाल्ल्या तरी खाल्ल्यासारखं वाटत नव्हतं. भाकरी आठवड्यातून एकदा. मायच्या पिठाची पिशवी खाटेखाली तशीच पडून होती, कारण खोलीत शेगडी लावायला बंदी.

सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री मी वहीच्या मधल्या पानावर पुण्याचा कच्चा नकाशा काढला. विद्यापीठ मध्ये ठेवलं. भोवती औंध, बाणेर, पाषाण, खडकी, बोपोडी, दापोडी, सांगवी, गोखलेनगर, पेठा. प्रत्येक ठिकाणी तीन आकडे लिहिले: एका मुलीला पडणारं भाडं, विभागाच्या दारापर्यंत लागणारा वेळ, आणि जेवणाची सोय करायला लागणारा खर्च. तोवर मी फक्त भाडं बघत होते. सगळेच बघतात. घरी फोन केला की दादा विचारायचे, ‘खोलीला किती पडतंय?’ बस किती वेळ घेते हे कुणी विचारत नाही. माझे दिवसाचे अडीच तास रस्त्यात जात होते. सहा दिवसांचे पंधरा तास. ‘कमवा व शिका’ योजनेत दिवसाला तीन तास काम मिळतं. म्हणजे आठवड्यातल्या पाच दिवसांचं काम मी रस्त्यावर सांडत होते. पैसे कमी पडतात म्हणून काम हवं, आणि वेळ नाही म्हणून काम घेता येत नाही. नकाशा काढेपर्यंत या दोन्ही गोष्टी एकाच दोरीनं बांधल्यात हे मला दिसलं नव्हतं. भाडं, बस आणि डबा वेगवेगळे मोजले की प्रत्येक जण स्वस्त वाटतो.

नकाशात सगळ्यात बरा ठिपका जुन्या सांगवीचा निघाला. मुळा नदीच्या पलीकडे, महादजी शिंदे पूल ओलांडला की औंध, तिथून सरळ गणेशखिंड रस्ता. औंधकडून येणाऱ्या बसला चौकाच्या आधीच उतरता येतं, म्हणजे ती कोंडी टळते. भाडं औंधपेक्षा बरंच कमी. पण तिथं खाट नाही, फ्लॅट घ्यायचा, आणि त्याला चौघी लागतात.

आधी पेठेतली खोली सोडायची होती. महिनाभर आधी सांगितलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मालकांनी ६,४०० मधले २,४०० हातावर ठेवले. बाकीचे रंगकामाचे, म्हणाले. तीन महिन्यांत मी भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता. मी वाद घातला, रडले, मामाला फोन लावून दिला. मालक शांतपणे म्हणाले, ‘कुठं लिहिलंय?’ कुठंच लिहिलेलं नव्हतं. मामा म्हणाला, ‘सोड पोरी, शहरात असंच असतं.’ मी सोडलं, पण ते अजून माझ्या मनातून सुटलेलं नाही. आमच्याकडे कापूस वेचायला किलोला दहा रुपये मिळत होते. चार हजार म्हणजे चार क्विंटल कापूस. माय दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते, वाकून, बोंडांच्या काट्यांनी बोटं सोलून घेत. त्या माणसानं मायचे आठ-दहा दिवस ठेवून घेतले.

आता चौघींचं. एक मी, एक परभणीची, एक चाळीसगावची आणि एक हिंगोलीची. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो, अजूनही मारतो. तीन रविवार आम्ही सांगवी आणि आसपास फिरलो. ‘बॅचलर नको’ हे मुलींनाही ऐकावं लागतं, हे मला नवं होतं. ‘नॉनव्हेज चालणार नाही’ हे तर फोनवरच. आणि मग तो प्रश्न, जो दारात उभं राहिल्यावर येतो, गोड आवाजात, पाण्याचा ग्लास हातात देत: ‘आडनाव काय तुमचं?’

एका ठिकाणी घर चांगलं होतं. दोन खोल्या, गॅलरी, उजेड. काकूंनी एकेकीला आडनाव विचारलं. माझं ऐकलं, मान हलवली. परभणीचीचं ऐकलं. चाळीसगावचीचं ऐकलं. हिंगोलीनं तिचं सांगितलं आणि काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘बाई, आमच्या घरात देवाचं फार असतं. मिस्टरांना विचारून कळवते.’ जिन्यात कुणी बोललं नाही. रस्त्यावर आल्यावर हिंगोली म्हणाली, ‘तुम्ही तिघी घ्या ही जागा. मी बघते माझं.’ तिला याचा सराव होता, आणि तिच्या आवाजातून ते कळत होतं. मी गप्प राहिले. काकूंपुढं मी काही बोलले नाही, याची मला आज लाज वाटते. आपल्याला घर मिळतंय तर गप्प राहावं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. परभणी मात्र तिथंच म्हणाली, ‘चौघी किंवा कुणीच नाही.’ ते वाक्य माझं असायला हवं होतं. त्यानंतर आम्ही ठरवलं की आडनाव विचारलं की चौघींनी मिळून उठायचं. दोन ठिकाणांहून उठलो.

शेवटी जे घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एक खोली, हॉल, स्वयंपाकघर. भाडं १२,००० आणि डिपॉझिट ३६,०००. म्हणजे प्रत्येकी महिना ३,००० आणि आधी ९,०००. घरमालक काका निवृत्त कामगार. त्यांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, ‘जिना झाडायची पाळी लावाल ना?’

करार नोंदवून घ्यायचाच, हे मी पेठेतून शिकून आले होते. हिंगोलीला तर तो लागणारच होता. ती स्वाधार योजनेत अर्ज करत होती. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २०१६-१७ पासून आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि इतर खर्चाचे ८,००० असे ६०,००० रुपये थेट खात्यात येतात, हप्त्यांनी. तिच्या घरून महिन्याला दोन हजार यायचे, त्यामुळे हा तिच्या शिक्षणाचा कणाच होता. भाडेकरार तिला कागदपत्रांत जोडायचा होता.

काका आधी कचरले. ‘नोंदणीला लई खर्च येतो म्हणतात.’ मग आम्ही हिशेब मांडून दाखवला. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून अकरा महिन्यांचे ३,३००, असे एकूण १,३५,३००. त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीनशेच्याही आत. शहरी भागात नोंदणी फी १,०००. हे सगळं ऑनलाइन होतं, माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी. आम्ही म्हटलं, सगळा खर्च आम्ही देतो. काकांना एक गोष्ट माहीत नव्हती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही आणि पुढं वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट काही सिद्ध करेपर्यंत. शिवाय दंड पाच हजारांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हे मीसुद्धा पेठ सोडल्यानंतरच वाचलं. आधी माहीत असतं तर ‘कुठं लिहिलंय?’ला माझ्याजवळ उत्तर होतं. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘मग करूनच टाकू.’

अंगठ्याचं यंत्र आमच्या बोटांवर चालेना. हिंगोली आणि मी, दोघींच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते. शेतात काम केलेल्या हातांचं असं होतं, तो माणूस म्हणाला. बोटांना तेल लावून, पुसून, सहाव्या वेळी जमलं.

सांगवीतलं जगणं वेगळं होतं. सांगवी पिंपरी-चिंचवड महापालिकेत येते, आणि तिथं २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं. शेजारच्या काकू त्यावर हळहळायच्या. आम्हाला कळायचं नाही की त्यात अडचण काय. केजला उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळाला पाणी नसतं. आम्ही दोन पिंपं आणली, ज्या दिवशी पाणी त्या दिवशी धुणं, असं लावून टाकलं.

गॅसचा प्रश्न चाळीसगावनं सोडवला. कनेक्शन नावावर नसलं तरी पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, ‘छोटू’ म्हणतात त्याला. भरलेला छोटू जिन्यानं वर नेणं ही पाळीपाळीची मेहनत. पण त्या शेगडीवर पहिल्या संध्याकाळी मी मायच्या पिठाच्या भाकरी थापल्या, येसराची आमटी केली. पिठाला तोवर किंचित कडूपणा आला होता. कुणी तक्रार केली नाही. परभणीनं तीन भाकरी खाल्ल्या आणि ताटातच हात ठेवून बसून राहिली. महिन्याचा किराणा, भाजी, गॅस मिळून एकेकीला १,८०० च्या आत बसायचा. सकाळी डबा भरून न्यायचो. वेळेचा हिशेब इथंही धरावा लागतो, कारण स्वयंपाकाला रोज चौघींचा मिळून दीड तास जायचा. पण आम्ही त्या दीड तासात एकमेकींना धडे वाचून दाखवायचो. चाळीसगावच्या मराठीच्या पेपरातला संतसाहित्याचा अर्धा अभ्यास कणीक मळताना झाला आहे.

जानेवारीत मी सायकल घेतली. शेवटच्या वर्षाच्या एका मुलाकडून, १,८०० रुपयांना, नव्या ब्रेकसह. सांगवी ते विभाग पस्तीस मिनिटं. बसलाही तेवढीच लागायची, पण सायकल कुणाची वाट बघायला लावत नाही, आणि गेटपासून विभागापर्यंतचं ते चालणं संपलं. पास बंद केला, ७५० वाचले. पुणे सायकलींचं शहर होतं हे जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतं. मला औंधच्या रस्त्यावर सकाळी सायकलवर दिसायचे ते पेपर टाकणारी मुलं, वॉचमन, बंगल्यांत कामाला जाणारे माळी आणि आम्ही विद्यार्थी. रस्त्याची डावी कड आमची, आणि तिथंच खड्डे, ड्रेनेजची झाकणं आणि उभ्या मोटारी. दिवा आणि पाठीमागची लाल पट्टी यांवर मी २५० रुपये घातले, आणि अंधार पडल्यावर त्यांच्याशिवाय निघाले नाही.

अडीच तासांचा रस्ता सव्वा तासावर आला तेव्हा मी ‘कमवा व शिका’मध्ये नाव घातलं. काम पुस्तकांचं होतं: झटकायची, क्रमानं लावायची, फाटलेली बाजूला काढायची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना. दादांना सांगितलं तर ते फोनवर एकदम मोकळे झाले. ते भाऊराव अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले नाहीत, त्यांचं शिक्षण सातवीतच थांबलं. पण १९२४ मध्ये साताऱ्यात अण्णांनी सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून वसतिगृह काढलं, ही गोष्ट त्यांनी कुठल्याशा सप्ताहातल्या कीर्तनात ऐकली होती. ‘एका पंगतीत जेवायची पोरं,’ ते म्हणाले.

त्या रात्री मी यावर बराच विचार केला. पुण्यात गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवायचे, सात वारांना सात घरं, किंवा झोळी घेऊन माधुकरी मागायचे. त्या घरांचे दरवाजे कुणाला उघडायचे आणि कुणाला नाही, हे ठरलेलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली ती म्हणूनच. पुण्यातच १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. माझ्या वर्गातला एक मुलगा तिथं राहतो, आणि तिथं सगळी मुलं कामं वाटून घेतात असं सांगतो. खेड्यातलं पोर शिकायचं तर आधी त्याला शहरात पाठ टेकायला जागा लागते, हे या माणसांनी ओळखलं होतं. शाळा-कॉलेजं पुष्कळ झाली. पाठ टेकायच्या जागा त्या हिशेबानं वाढल्या नाहीत, आणि मधली पोकळी खांबांवरच्या कागदी पट्ट्यांनी भरली आहे. फी माफ होते, पुस्तक ग्रंथालयात मिळतं. मुलगी शिक्षण सोडून परत जाते ती बहुतेक वेळा खाटेच्या आणि डब्याच्या पैशापायी. माझ्या वर्गातल्या दोघी पहिल्या सत्रातच गेल्या. एक माजलगावकडची होती आणि माझ्यापेक्षा हुशार होती.

२५ जुलै २०२४ ला मुळेला पूर आला. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबत नव्हता, धरणांतून पाणी सोडलेलं. सकाळी खाली बघितलं तर मुळानगरच्या बाजूच्या गल्ल्यांत पाणी. आमची इमारत उंचावर होती, पण खालच्या गल्लीत तळमजल्यावर राहणाऱ्या तीन मुली पुस्तकं डोक्यावर घेऊन आमच्याकडे आल्या. एकीनं गादी सोडली होती, कपडे सोडले होते, आणलं होतं ते मूळ गुणपत्रकांचं फोल्डर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दोन रात्री आम्ही सात जणी त्या हॉलमध्ये झोपलो. काकांनी स्वतःहून वर येऊन विचारलं, तांदूळ आहे का. स्वस्त जागा नदीकाठी का असतात, हे भूगोलात शिकवतात. माझ्या नकाशावर मी भाडं, वेळ आणि डबा लिहिला होता. पुराची रेषा काढायची राहिली होती, ती त्या आठवड्यात काढली.

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या वर्षाच्या यादीत माझं नाव लागलं. वसतिगृह ते विभाग चालत बारा मिनिटं. फ्लॅट सोडताना काकांनी नळ बघितले, विजेचं बिल बघितलं, आणि माझ्या वाट्याचे १६० रुपये कापून ८,८४० परत दिले. कागदावर तसं लिहिलेलं होतं, पण मला वाटतं, त्यांनी ते लिहिलेलं नसतं तरी दिले असते. माझी जागा घेणारी मुलगी धारूरची, पहिल्या वर्षाची. पण करार संपत आला होता आणि काकांच्या मुलाला घर रंगवून स्वतः राहायला यायचं होतं. त्यामुळं हिंगोली, परभणी, चाळीसगाव आणि ही नवी, चौघींना पुन्हा शोधणं आलं.

मी त्यांच्याबरोबर गेले, नकाशाची वही घेऊन. धारूरची पोर वाटेत मला सारखं विचारत होती, ताई, किती पडेल, ताई, किती पडेल. मी तिला म्हटलं, भाडं शेवटी विचारायचं. दापोडीला मेट्रोच्या जवळ एक जागा होती, दुसरा मजला, नदीपासून लांब. दार एका वयस्क आजोबांनी उघडलं. आम्ही पाच जणी दारात उभ्या. या वेळी कुणी काही विचारायच्या आत मी बोलले. म्हटलं, ‘आजोबा, या चौघी एकत्रच राहणार. आणि करार नोंदवणार ना?’

आजोबांनी आमच्याकडे एकेकीकडे बघितलं. मग दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, ‘चपला आत घ्या, कुत्रं पळवतं. बसा.’